पल्याड पोचलेली होडी

खोतांची कुजकी होडी खाडीत बुडाली आणि बाजाराहून परतणारी गावची माणसं गेली. त्यांत आनंदी ठाकरची बहीणही होती. आनंदी बाहुल्या कोरायची, त्यांचे खेळही स्वतःच लिहायची. जत्रा जवळ आली तसं खोतांनी तिला दरडावलं, "खेळात एक जरी बाहुली बुडाली, तरी गाव सोडावं लागेल."

"नाय बुडायची, खोतानू."

जत्रेत तिने बाहुल्या होडीत बसवल्या आणि होडी सुखरूप पल्याड नेली. एकेक बाहुली उतरली, घरी गेली, पोरांच्या हातावर खाऊ ठेवू लागली. सारं गाव हुंदके देऊ लागलं.

खोत गरजले, "कुणी बुडालं नाही, मग ही रडतात कशाला?"

"माझी होडी पोचली म्हणून, खोतानू. तुमची पोचली नाय."

खोत जायला उठले. त्यांना वाट द्यायला कुणी हललं नाही.