एक शेळी

"सही करताय ना, सर?"

ऋजुताने कागद टेबलावर ठेवला. सरांना वाचता येईल असा, आणि वर पेनही.

अत्तार सरांनी आमच्या कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. यंदा निवृत्त झाले, तरी ते दुपारी ग्रंथालयात येतात आणि ज्यांचा कंपल्सरी इंग्रजीचा पेपर राहिलाय त्यांना घेऊन बसतात. मी तिथला ग्रंथपाल, म्हणून हे सगळं माझ्या काउंटरसमोर घडलं.

ऋजुता इंगवले ही आमची स्पेशल इंग्लिशची मुलगी. बी.ए.ला विद्यापीठात पहिली. तालुक्याच्या कॉलेजातून असं आजवर झालं नव्हतं. तिचा फोटो नोटीस बोर्डावर मी स्वतः लावला, आणि खोटं कशाला बोलू, तिच्याइतकाच मीही मिरवत होतो.

आता तिला हैदराबादला एम.ए. करायचं होतं. सरांच्या शिफारसपत्राशिवाय अर्ज जात नव्हता आणि उद्या शेवटची तारीख होती. पत्राचा मजकूर तिनेच लिहून आणला होता. हल्ली तसाच रिवाज आहे.

सरांनी पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं.

"शी इज द बेस्ट स्टुडंट आय हॅव टॉट."

मी शिकवलेली सर्वांत उत्तम विद्यार्थिनी. ऐकून मलाच छाती फुगल्यासारखं वाटलं.

"यातलं 'द' कशाला?" सरांनी विचारलं.

"सर... हे मला विचारताय?"

"तुलाच."

ऋजुता हसली. ग्रंथालयासमोरच्याच वर्गात तीन वर्षं मी तिला पाहत होतो. सरांचा प्रश्न संपायच्या आत तिचा हात वर असायचा. 'माहीत नाही' हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

"आठवीचं व्याकरण आहे सर हे."

"मग ह्यांना 'अ' आणि 'द' समजावून दे. लगेच सही करतो."

ह्यांना म्हणजे शेजारी बसलेल्या विमलताई सातपुत्यांना. वय बेचाळीस. अंगणवाडीत सेविका. बी.ए.चे बाकी सगळे पेपर सुटले होते, कंपल्सरी इंग्रजी तिसऱ्यांदा अडलं होतं.

ऋजुता उभी राहिली. वर्गात सेमिनार द्यायची तशीच.

"'द' हे निश्चित उपपद. वक्ता आणि श्रोता, दोघांनाही संदर्भ ज्ञात असेल तेव्हा ते वापरतात. संदर्भ अनिश्चित असेल तर 'अ'."

विमलताईंनी मान डोलावली.

"कळलं?" सरांनी विचारलं.

"न्हाई."

ऋजुताने पुन्हा सांगितलं. मग उदाहरणं देऊन सांगितलं. मग इंग्रजीतून. आवाज जरा चढला होता.

"लई हुशार हाय पोरगी," विमलताई सरांना म्हणाल्या. अगदी मनापासून.

ऋजुताने घड्याळ बघितलं. "सर, मराठीत उपपदं नसतातच. यांना कळणार कसं?"

सर विमलताईंकडे वळले.

"आज अंगणवाडीत पोरांना कुठली गोष्ट सांगितलीत?"

"ती व्हय? सांगू?" विमलताईंनी पदर सारखा केला. आवाजच बदलला त्यांचा. "एका गावात एक शेळी होती. शेळीला होता एकच दात. दात सारखा हलायचा..."

"थांबा. आधी 'एक शेळी' म्हणालात. पुढच्या वेळी 'एक' कुठं गेलं?"

"आता पुन्यांदा 'एक' कशाला?" विमलताईंना हसू आलं. "वळख झाली की पोरांची. नवी आली तवा 'एक शेळी'. वळख झाल्यावर ती आपली शेळी."

हसता हसता त्या थांबल्या.

वहीकडे बघितलं. सरांकडे बघितलं.

"सर... म्हंजे 'अ' आन् 'द' ते ह्येच?"

सरांनी होकाराची मान हलवली. विमलताईंनी वही ओढली आणि घाईघाईने लिहायला लागल्या.

ऋजुता उभीच होती. कान लाल झाले होते. ती आता कागद उचलून चालू लागणार, असं मला वाटलं.

तिने खुर्ची ओढली आणि विमलताईंच्या शेजारी बसली.

"ताई," ती हळू म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं."

"पुढं काय झालं त्या शेळीचं?" तिनेच विचारलं.

विमलताईंनी गोष्ट पुरी सांगितली. ऋजुताने हनुवटी तळहातावर ठेवून ऐकली. मीही काउंटर सोडून जवळ गेलो होतो. तो दात शेवटी पडला नाही, एवढं सांगतो.

गोष्ट संपली तेव्हा सरांनी पेन उचललं. पहिल्या वाक्यातलं 'द बेस्ट' खोडलं आणि वर बारीक अक्षरात 'अ' लिहिलं. बाकीचा मजकूर तसाच ठेवून खाली सही केली.

ऋजुताने वाचलं. शी इज अ स्टुडंट आय हॅव टॉट. मी शिकवलेली एक विद्यार्थिनी.

"सर, तीन वर्षं शिकले तुमच्याकडे," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण तक्रार नव्हती. "अजून 'अ'च?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. तिच्या फोटोवर मी मिरवलो होतो ना, त्याहून कितीतरी जास्त ते तिच्याकडे बघून मिरवत होते.

"आज तर ओळख झाली, बाळ."