चारही डिस्क पास

“मग कॅसेटी भंगारात द्यायच्या की नाही? तिसऱ्यांदा विचारतोय, अक्का!”

“तिसऱ्यांदा सांगते. नाही.”

अभिनंदन मगदूमनं हातातलं शेवटचं पोतं दाणकन खाली ठेवलं. दारात भंगारवाल्याचा गाडा ताटकळत उभा होता.

मिरजेतल्या अंधांच्या वाचनालयासाठी लोकांनी मोठ्यानं वाचून भरलेली नऊशे पुस्तकं होती त्या कॅसेटींत. वाचणाऱ्यांपैकी निम्मे आता हयात नाहीत. अभिनंदननं ती सगळी चार हार्ड डिस्कवर चढवली होती. आणि वाचनालय सांभाळणारी ही सोनाक्का? चौथी पास. लिनक्स ही संगणकप्रणाली स्वतःच्या चुकांवर शिकली, आणि मग तिनं याच्यासारख्या इंजिनियरांना शिकवलं.

“अहो, डिस्कची तब्येत बघणारं सॉफ्टवेअर टाकलंय मी. महिना झाला. हे बघा की, चारही डिस्क पास!”

“एखादी बिघडायला लागली तर?”

“लगेच कळवतंय. मेल पाठवतं.”

“कुणाला?”

“रूटला. म्हणजे... मशीनच्या मुख्य खात्याला.”

“बरं.” अक्कानं कानातलं श्रवणयंत्र काढून टेबलावर ठेवलं. “हां, बोल आता. ऐकतेय मी.”

“अक्का, ते घाला आधी!”

“पास,” अक्का म्हणाली.

“चेष्टा करताय गरिबाची?”

“पास!”

तो ओरडला. हातवारे केले. अक्का कौतुकानं मान डोलवत राहिली.

...

ओरडता ओरडता तो मधेच थांबला. रूटची टपालपेटी त्याच मशीनच्या पोटात होती, आणि महिनाभरात ती त्यानं एकदाही उघडली नव्हती.

खुर्ची ओढून त्यानं ती उघडली.

अकरा पत्रं.

पहिलं, सॉफ्टवेअर टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं. तिसऱ्या डिस्कवरचे आठ तुकडे वाचता येत नाहीत. मग चोवीस. कालच्या पत्रात तीनशे बारा, आणि पडद्यावर अजून ‘पास’च.

...

अभिनंदन उठला. भंगारवाल्याला हात जोडून परत पाठवलं. पोत्यांतल्या कॅसेटी एकेक पुसून कपाटात लावल्या. मग श्रवणयंत्र दोन्ही हातांनी अक्कापुढं धरलं.

अक्कानं ते कानात बसवलं.

तरी गड्याला राहवेना. “पण अक्का, सॉफ्टवेअरनं त्याचं काम चोख केलंय. तुम्ही उगीच त्याला बहिरं...”

“त्याला मी कुठं काय बोलले?”