बाळाला टोचेल

एकदा एका वृद्ध धर्मगुरूंनी नाताळच्या गोठ्यासाठी आलेले जरीचे वस्त्र परत केले, आणि सगळे गाव बुचकळ्यात पडले.

वस्त्र साधेसुधे नव्हते. गावातले कापडाचे व्यापारी इनास शेट यांनी ते खास बनारसहून मागवले होते. नाताळच्या संध्याकाळी बाळ येशूची लाकडी मूर्ती त्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवायची, ही कल्पना धर्मगुरूंच्या तरुण शिष्याची. तो सेमिनरीतून, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातून, नुकताच आलेला, आणि नव्या माणसाला उत्साह असतोच. पण त्याचा हेतू चांगला होता. पावसाळ्यात इनास शेटचे तान्हे बाळ तापाने गेले होते. तेव्हापासून शेट आणि त्यांची पत्नी रोजाबाय एका छपराखाली राहत, पण त्या बाळाविषयी एकमेकांशी चकार शब्द काढत नसत. शेट दिवसभर दुकानात बसत, रोजाबाय घराबाहेर पडत नसे. देवाच्या कामाला हात लागला तर त्या घराला थोडा आधार मिळेल, असे शिष्याला वाटले.

धर्मगुरूंनी वस्त्र हातात घेतले, स्वतःच्या गालावरून फिरवले, पुन्हा घडी केली आणि शेटच्या हाती दिले.

"हे नको, शेट. बाळाला टोचेल. घरात धुऊन धुऊन मऊ झालेलं एखादं जुनं कापड असेल तर ते आणा."

शेटचा चेहरा पडला. वस्त्र काखेत घेऊन ते निघून गेले.

शिष्य गप्प बसणारा नव्हता. "फादर, मूर्ती लाकडाची आहे. तिला काय टोचणार?"

"मूर्तीला नाही टोचत," धर्मगुरू म्हणाले. "ज्याची मूर्ती आहे, त्याला टोचलं असतं. नाताळ म्हणजे तेवढंच, बाळा. बाकी सगळी रोषणाई."

शिष्याला हे मुळीच पटले नाही. एका दुखावलेल्या माणसाला असे चारचौघांत परत पाठवणे, ही त्याच्या मते निर्दयताच होती. शेट आता चर्चची पायरी चढणार नाहीत, अशी धास्ती त्याला लागून राहिली.

शेट दुसऱ्याच दिवशी आले. दारातच उभे राहिले.

"फादर, आमच्या घरात तसलं कापड एकच आहे. हिच्या आईच्या लुगड्याचं दुपटं. आमच्या बाळासाठी शिवलेलं. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, गेलेल्या बाळाचं कापड घरात ठेवू नये. पण हिने ते ट्रंकेत कुलूप लावून ठेवलंय. असलं अपशकुनी कापड देवाला कसं चालेल?"

धर्मगुरूंनी त्यांना आत घेऊन बसवले.

"शेट, देवाला द्यायचं म्हटलं की आपण कोरं शोधतो. घडी न मोडलेलं. त्याला कोरंच हवं असतं, तर स्वर्गात त्याला काय कमी होतं? तो आला तो आईच्या पोटी आला. थंडी वाजणारा, भुकेला रडणारा, ताप येऊ शकेल असा. मरू शकेल असा. मरियेने त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. पुढे एक दिवस त्याला कापडातच गुंडाळून कबरीत ठेवलं. तुमच्या लेकराला जसा देह होता, तसाच देह त्याने आपणहून घेतला. मग त्या लेकराचं दुपटं त्याला चालणार नाही, तर कुणाचं चालेल?"

शेट उठून उभे राहिले. मग म्हणाले, "हिला विचारावं लागेल."

"विचारा. नाही म्हणाली तर तेही ठीक. गव्हाणीत पेंढा आहेच."

विचारायचे म्हणजे बोलायचे. आणि इतके महिने त्या घरात नेमके तेच घडले नव्हते. वस्त्र परत का गेले, हे शिष्याच्या आता कुठे थोडे ध्यानात येऊ लागले.

नाताळच्या संध्याकाळी दोघेही आली. रोजाबायने गोठ्यासमोर बसून दुपटे उलगडले, सुरकुत्या हाताने साफ केल्या आणि मूर्तीसाठी हात पुढे केले. शिष्याने लगबगीने मूर्ती उचलली आणि पायाला धरून तिच्यापुढे केली.

"अहो ब्रदर, तंगडी काय धरताय?" रोजाबाय कडाडली. "मान धरा, मान! बाळ आहे ते."

शिष्य गांगरला. लाकडाच्या मानेखाली हात कसा घालायचा, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. तेवढ्यात शेट पुढे झाले. त्यांनी मूर्ती आपल्याकडे घेतली आणि तळवा अलगद मानेखाली सरकवला.

"आपल्या मार्सेलची मान पण अशीच कलंडायची," ते बायकोला म्हणाले.

"तुम्हाला तरी सुरुवातीला कुठे धरता यायची?" रोजाबाय म्हणाली. ती हसली, आणि मग दोघेही रडू लागली. रडता रडताच तिने दुपट्याचे एक टोक बाळाच्या छातीवरून घेतले.

'शब्द देहधारी झाला', म्हणजे देव माणसाचा देह घेऊन आला, या बायबलमधल्या वचनावर शिष्याने मोठ्या कष्टाने प्रवचन लिहून आणले होते. त्याने ते कागद खिशातच राहू दिले आणि मुकाट्याने गुडघे टेकले.