कोणीच न परतलेली दरी

फार पूर्वी, सातासमुद्रापलीकडच्या एका मुलखात टोळांची झुंड राहत होती. ती उडाली की भर दुपारी ऊन नाहीसे होई. चरण्यासाठी झुंड मुलूखभर हिंडे. अंडी घालायला मात्र साऱ्या माद्या डोंगराच्या पायथ्याशी, एका नदीच्या दरीत परतत. तिथल्या कोरड्या वाळूत अंडी हिवाळा काढत. मैदानातल्या ओल्या मातीत ती कुजत.

एका वर्षी झुंडीला मैदानात मक्याची शेते लागली. कणसे दुधावर होती. झुंड तिथेच बसली.

झुंडीत एक म्हातारी होती. ती म्हणाली, "उठा गं पोरींनो, वारा फिरला. दरी गाठायला हवी."

एक तरुण मादी म्हणाली, "आजी, तुम्हाला आता अंडी होत नाहीत. तुम्हाला कसली घाई?"

सगळ्या हसल्या.

"मला होत नाहीत, म्हणूनच तुमच्या मागे लागते."

"एवढ्या आहोत आम्ही. एक मी नाही आले तर काय अडलं? बाकीच्या जातीलच. तुम्ही व्हा पुढे."

प्रत्येकीने हेच म्हटले. आपण निघालो की पोरी मागून येतील, असे म्हातारीला वाटले. ती निघाली.

मग एका सकाळी दव गोठले. तरुणीचे पोट जड झाले होते. एव्हाना बऱ्याचजणी दरीत पोहोचल्या असतील, असे वाटून ती घाबरली आणि एकटीच दरीकडे उडाली.

दरीत सामसूम होती. एक ससा तेवढा बसला होता.

"बाकीच्या कुठं उतरल्या?" तिने विचारले.

"बाकीच्या कोण? एक म्हातारी आली होती. रोज या दगडावर बसून विचारायची, 'आल्या का रे?' पुढं तिला दिसेनासं झालं. तेव्हा मी म्हणालो, 'आल्या आजी, आभाळ काळं झालंय.' मग तिनं प्राण सोडला."

तरुणीने पोटाचे टोक वाळूत खुपसले. वाळू गोठून दगड झाली होती. ती जागा बदलत राहिली. कुठेच भोक पडेना. संध्याकाळी बर्फ पडू लागला.

बाकीच्यांनी मैदानातच घातलेली अंडी ओल्या मातीत कुजली.

पुढच्या उन्हाळ्यात गवत उंच वाढले, तसेच उभे वाळले. खायला कोणी आले नाही.

तात्पर्य: जे काम दुसरे करतील असे प्रत्येकाला वाटते, ते कोणीच करत नाही. आपला वाटा वेळेवर आपणच उचलावा.