राजा तुंगसेन आणि वाहत्या पाण्यावरची ओळ

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याला लिहायचा भारी कंटाळा होता. नाव त्याचं तुंगसेन. तलवार धरायला त्याचा हात शिवशिवायचा, बोरू धरायला मात्र दुखायचा. पत्रं, आज्ञा, दानपत्रं सगळं राणी कल्हारी लिहायची. तिचं अक्षर मोत्यासारखं. राजा खाली मुद्रा उमटवायचा आणि दिवसभर नांगर धरल्यासारखा सुस्कारा सोडायचा.

त्या राज्याची एक रीत होती. पावसाळ्यात नदी गढूळ व्हायची. शरद लागला, की संगमावर राहणारी मायाविनी ओघवती तिचं पाणी निवळून द्यायची, इतकं की तळाचा खडा न् खडा दिसावा. त्याबद्दल राजाने स्वहस्ते दोन ओळी लिहायच्या आणि केळीच्या पानात ठेवून नदीत सोडायच्या. फार नव्हे, दोनच ओळी. पण त्याही कल्हारीच लिहीत आली होती. तिच्या ओळींत मन असायचं, म्हणून ओघवती जाणूनबुजून गप्प राहायची.

एका वर्षी राणी तापाने निजली. दोन ओळींसाठी तिला कशाला उठवायचं, असा राजाने विचार केला. विचार चांगलाच होता म्हणा! पण मग आपण लिहावं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याने कोऱ्या भूर्जपत्रावर मुद्रा उमटवली आणि ते नदीत सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात कारंज्यातून ओघवती उभी राहिली. केस ओले, हातात ते कोरं पत्र.

“राजा, यात काय लिहिलं आहे?”

“मुद्रा आहे, देवी.”

“मुद्रा मला दिसते. लिहिलं काय आहे?”

तेवढ्यात अंगावर शाल घेऊन, भिंतीचा आधार घेत कल्हारी आली. “देवी, चूक माझी. मी आधीच लिहून ठेवायला हवं होतं.”

“हेच ते,” ओघवती म्हणाली. “तू याचा हात झालीस, म्हणून याला स्वतःचा हात उरला नाही.” तिने ओंजळभर पाणी शिंपडलं. शाल खाली पडली, आणि शालीतून एक काळापांढरा खंजन पक्षी शेपटी वरखाली हलवत बाहेर आला.

“तीन लेखनं कर, राजा. पहिलं दवावर, दुसरं काशफुलावर, तिसरं वाहत्या पाण्यावर. एकेक मला पटलं, की घाटाशी एकेक निळं कमळ उमलेल. तिसरं उमललं, की राणी तुझी. पण ध्यानात ठेव, शरद सरताच खंजनांचा थवा दक्षिणेला निघतो. तोवर ही रोज थोडी थोडी माणसाची भाषा विसरेल. शेवटी तुलाही विसरेल आणि उडून जाईल.” एवढं बोलून ओघवती कारंज्यात विरून गेली.

राजा ओक्साबोक्शी रडू लागला. खंजन त्याच्या गुडघ्यावर येऊन बसला.

“महाराज, रडणं मागाहून. बोरू कुठे आहे?”

त्या दिवसापासून राजा रोज सूर्योदयाला घाटावर जाऊन बसू लागला. मांडीवर धूळपाटी, हातात बोरू, पुढ्यात राणी. पहिल्या दिवशी त्याने काढलेला ‘क’ पाहून प्रधानाने विचारलं, “महाराज, हा विंचू कोणत्या जातीचा?” राजा संतापला, पण विंचवाची नांगी त्यालाही दिसत होती. त्याने पाटी हलवून धूळ सारखी केली आणि पुन्हा आरंभ केला.

राणीची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. ती कित्ता पुढे ठेवत नसे. ती म्हणे, “समोर पाहा, महाराज. भाताची लोंबी दाण्यांच्या भाराने वाकली आहे. वेलांटी तशी वाकवा. ओढू नका, भाराने वाकू द्या.” दुसऱ्या दिवशी ती त्याला झेंडूच्या वाफ्याकडे बघायला लावी, पाकळ्या दाटीने बसतात, तरी एकमेकींना चिरडत नाहीत, जोडाक्षर तसं हवं. कधी निरभ्र आकाशातली बगळ्यांची रांग दाखवी आणि म्हणे, “रेघ आधी, अक्षरं मग.” राजाने इतकी वर्षं शरदाचे सोहळे केले होते, शरद पाहिला नव्हता. आता रोज सकाळी दिसलेलं एक काहीतरी तो पाटीवर लिहून काढू लागला. आज भोपळ्याला पिवळं फूल. आज आपट्यावर ऊन. हात दुखे, पण मन भरून येई, आणि याचं त्यालाच नवल वाटे.

हात वळला तेव्हा तो अळवाच्या पानाशी गेला. श्वास रोखून त्याने दवाच्या थेंबांतून बोरूचं टोक फिरवलं. थेंब एकामागे एक रांगेत उभे राहिले: ‘कल्हारी’. ऊन आलं, थेंब विरले, आणि घाटाशी पहिलं कमळ उमललं.

मग काशफुलांचं रान. तिथे बोरू जरा टेकला, की तुरा उधळायचा. राजाने कैक तुरे उधळले, शिंका दिल्या, पुन्हा बसला. अखेर एका तुऱ्यावर शब्द उमटला: ‘चुकलो’. वाऱ्याने तो उचलून नेला. दुसरं कमळ उमललं.

राजाला आनंद झाला, पण राणीची भाषा ओसरत चालली होती. आधी ती दरबारातली नावं विसरली. मग दागिन्यांची, पक्वान्नांची. एका सकाळी ती ‘महाराज’ म्हणायला गेली आणि चोच उघडी ठेवून तशीच राहिली. राजाने उपरण्यात तोंड लपवलं.

तिसरं लेखन काही जमेना. तो पाण्यावर लिही, ‘राणी परत दे’, आणि अक्षरं वाहून जात. ती टिकावीत म्हणून त्याने शाईत डिंक घातला. वाळूचा बांध घातला. पण मग पाणी वाहतं कुठे राहिलं? बांध फोडला. तो अधिक ठळक लिहू लागला, ‘राणी परत दे, परत दे’. अक्षर देखणं येई आणि वळणापलीकडे नाहीसं होई. कमळ मिटलेलं ते मिटलेलंच. राणीपाशी आता एकच शब्द उरला होता. राजा घाई करू लागला की ती म्हणे, “हळू.”

मग शरदाचा शेवटचा दिवस आला. नदीवर धुकं होतं. वाळवंटात खंजनांचा थवा जमला होता, आणि त्यांच्यात कल्हारी होती. राजाने हाक मारली. तिने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं, जसं कुठल्याही माणसाकडे पाहावं. तिने चिवचिव केली. त्यात एकही शब्द नव्हता.

राजाला वाटलं, आता मागून काय मिळणार? पण हाताला सवय पडली होती. सकाळ झाली होती आणि सकाळी लिहायचं असतं. आज त्याने पाटी घेतली नाही. पायरीवर वाकून तो पाण्यावरच लिहू लागला:

‘आज धुकं आहे. कल्हारी वाळूत आहे. ती मला ओळखत नाही. मला लिहायला तिने शिकवलं आणि बघायलाही. तू पाणी निवळलंस, म्हणून तिचं प्रतिबिंब मला रोज दिसलं. ओघवती, तुझे उपकार आहेत. तिचे तर फिटायचे नाहीत.’

ओळी वाहू लागल्या. त्याने अडवल्या नाहीत. धुक्याखालून त्या संगमाकडे गेल्या, आणि तो हात जोडून बसून राहिला. तेवढ्यात थवा उठला. कल्हारीही उठली. नदीच्या मध्यावरून तो काळापांढरा ठिपका दूर दूर जाऊ लागला.

आणि तिसरं कमळ उमललं.

आकाशात, नदीच्या बरोबर मध्यावर, पक्ष्याची राणी झाली. राणीला काही उडता येत नाही. ती धपकन पाण्यात पडली. राजाने मुकुटासकट उडी मारली आणि तिला काठाला आणलं.

पाण्यातून ओघवती वर आली. “राजा, तुझी सगळी पत्रं मला पोचली. मी राहते ती वाहत्या पाण्याच्या शेवटी. तू ती उगाच थांबवू पाहत होतास. पण त्या नुसत्या मागण्या होत्या. आजचं पत्र मी जपून ठेवते.” तिने राणीच्या ओल्या केसांवरून हात फिरवला आणि ती पाण्यात मिसळून गेली.

राणीने डोळे उघडले. राजा तिचे दोन्ही हात धरून होता. ही बोलेल का? ओळखेल का?

राणीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“महाराज,” ती म्हणाली, “भूक लागली आहे. गरम भात हवा. किडे अजिबात नकोत.”

राजा हसला आणि हसता हसता रडला. त्याने स्वतः चूल पेटवली, नव्या तांदळाचा भात रांधला. भात करपला. राणीने तो पानात दोनदा वाढून घेतला.

त्या राज्यात नदी अजून शरदात निवळते. राजाराणीला जसं एकमेकांचं मोल कळलं, तसं ते तुम्हां-आम्हांलाही वेळेवर कळो.