माहेरच्या गेरात घाट चढणारा हैबती

जरा पुढं सरकून बसा, म्हणजे मागच्यांनाही जागा होईल. ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. आताच्या गाड्यांचं काय, नुसतं बसलं की चालू लागतात आणि डाव्या पायाला काही कामच उरत नाही. तेव्हाची मोटर तशी नव्हती. तिला हातानं हँडल मारून उठवावं लागे, पायानं मनवावं लागे आणि तोंडानं थोडं गोड बोलावंही लागे. असं बोलणारा एकच माणूस उंबरघेरात होऊन गेला. त्याचं नाव हैबती.

उंबरघेर घाटाच्या डोक्यावर आणि सावरपाणी घाटाच्या पायथ्याशी. मधला घाट असा उभा, की चढताना पुढच्या माणसाच्या टाचा मागच्याच्या नाकासमोर येत. भरल्या गाडीला बैल तिथं पाय लावत नसत. त्यामुळे उंबरघेरात सगळं मुबलक होतं, भात, नाचणी, मध, फणस, पण सुना नव्हत्या. खालचे लोक वर बघायचे आणि म्हणायचे, एवढं चढून पोरगी द्यायची आणि मग तिला भेटायला रोज का चढायचं? गावातली चांगली धडधाकट पोरं नुसती बाशिंगाची वाट बघत थोराड होत चालली होती.

हैबती तरुणपणी कुठल्याशा संस्थानात मोटर पुसायच्या कामावर होता. पुसता पुसता चालवायला शिकला. संस्थानिकांनी नवी मोटर घेतली तेव्हा जुनी याला देऊन टाकली. असं म्हणतात, की ती दुसऱ्या कुणाच्या हातानं सुरूच होत नव्हती, म्हणून दिली. हैबती तिला घेऊन आला, पायथ्याशी झाप बांधून त्यात ठेवली आणि खालच्या रस्त्यावर माणसं नेऊ-आणू लागला.

मोटरीच्या भागांची इंग्रजी नावं त्याला ठाऊक होती, पण ती त्याच्या जिभेवर बसली नाहीत. त्यानं आपली ठेवली. क्लचला तो मनवणी म्हणे, ब्रेकला वेसण. गेर तीन, रांगतं, चालतं आणि पळतं. मागं जायचा गेर होता त्याला नुसतं पाठमोरं म्हणे, कारण झापातून मोटर बाहेर काढण्यापलीकडं तो कधी लागत नसे. मनवणीवरचा पाय कसा उचलायचा हे तो असं सांगे, "झोपल्या लेकराच्या डोक्याखालनं हात काढतो न्हवं, तसा पाय काढायचा."

मोटर घाटात मात्र चढत नसे. दमकोंडीच्या वळणापर्यंत यायची, खोकायची आणि गप्प व्हायची. लोकांनी विचारलं तर हैबती म्हणे, तिला वरची हवा मानवत नाही. खरं कारण त्यालाही माहीत नव्हतं. पण ते कबूल कोण करणार?

आता या हैबतीला एक धाकटा भाऊ होता, भैरू. आईबाप लवकर गेले, हैबतीनंच त्याला वाढवला. स्वतःचं लग्न राहून गेलं, निदान याचं तरी व्हावं हा एकच ध्यास. दोन ठिकाणी बोलणी झाली आणि दोन्ही घाट बघून मोडली. तिसरं स्थळ सावरपाण्याचं. राणूजी मोकल यांची शेवंता. राणूजी माणूस सरळ, पण हट्टी. सुपारी फोडायच्या बैठकीत ते म्हणाले, "माझी पोरगी पाय सोलवटून सासरी जाणार न्हाई. तुमच्या घरात मोटर हाय म्हणता, तर मोटरीतनं तुमच्या दारात उतरंल. न्हाईतर वाटंतनं माघारी आणीन."

आणि हैबती म्हणाला, "नेतो की."

हे शब्द तोंडातून गेले आणि त्याला अन्न गोड लागेना. भाऊ बिचारा आनंदात हळदीला बसला. दादानं शब्द दिलाय म्हणजे झालंच, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, वर उंबरघेरात. पोरीच्या आईनं मांडवाला जायचं नाही अशी त्या बाजूची रीत. म्हणून शेवंताची आई तानाबाई घरीच राहिली. दुपार कलल्यावर मोटर निघाली. हैबती चाकाशी, शेजारी राणूजी, मागं मुंडावळ्या बांधलेली शेवंता आणि पाठराखीण म्हणून तिची आत्या. निघताना राणूजींनी पोरीला बजावलं, "आता मागं वळून बघायचं न्हाई. नवरीनं बघू न्हाई." पोरीनं मान खाली घातली आणि मुसमुसत बसली. आत्यानं डोळे मिटले. असं म्हणतात, की आत्यानं ते वरपर्यंत उघडलेच नाहीत, आणि तरी पुढं जन्मभर ही हकिकत सगळ्यांत रंगवून तिनंच सांगितली.

मोटर दमकोंडीच्या वळणाला आली, खोकली आणि गप्प झाली.

हैबतीनं हँडल मारलं. सुरू झाली, चार हात चढली, पुन्हा गप्प. चाकाखाली दगड लावला, पुन्हा हँडल, पुन्हा तेच. वरून सनईचा आवाज येऊ लागला होता. मांडवात भैरू बाशिंग बांधून वाटेकडं डोळे लावून बसला असेल हे हैबतीला न बघताही दिसत होतं. तेवढ्यात दगड निसटला. मोटर मागं घसरली, वळणावरच्या रुंद जागेत आडवी फिरली आणि तोंड खाली करून थांबली. हैबतीनं हँडल मारलं तर एका दणक्यात सुरू. त्यानं तोंड वर वळवलं, की बंद.

राणूजी खाली उतरले. सूर्य डोंगराकडं झुकला होता. "चल पोरी," ते म्हणाले, "उतर. शब्द म्हंजे शब्द. आपण माघारी."

शेवंता उतरली नाही. नवरीनं थोरल्या दिराशी तोंडातोंडी बोलायचं नसतं, म्हणून ती आत्याकडं बघून बोलली, पण आवाज असा होता की दरीतही ऐकू जावा.

"आत्या, त्यास्नी म्हणावं, आमची म्हस पाणी पिती तवा मान खाली घालती. मान वर धरून पाजलं की ठसका लागतो. मोटरीचं तोंड वर केलं की ती बी गुदमरतीया, दिसंना व्हय?"

आत्यानं डोळे न उघडता सांगितलं, "ती म्हणती म्हस."

हैबती हँडल हातात धरून तसाच उभा राहिला. पेट्रोलची टाकी बैठकीखाली, इंजिन पुढं. तोंड वर झालं की इंजिन टाकीपेक्षा उंच जातं, मग पेट्रोल पोचणार कसं? इतकी वर्षं मोटर आपल्याला सांगत होती आणि आपण तिला हवा मानवत नाही म्हणत होतो. त्याला हसू आलं. इतकं आलं, की राणूजींना वाटलं याचं डोकं फिरलं.

"पावणं, बसा," हैबती म्हणाला. "पाठमोरं जायाचं."

"पाठ करून सासरी?" राणूजी ताडकन म्हणाले. "ह्यो अपशकुन हाय."

"वर पोचलो की तोंड वळवून दारात लावतो. तवर गावच्या देवीनं डोळं झाकावं. आत्याबाईंनी झाकल्यातच."

राणूजींनी वर बघितलं, खाली बघितलं, लेकीकडं बघितलं. लेक बैठक गच्च धरून बसली होती. ते पुटपुटत चढले.

हैबतीनं मोटरीचं तोंड सावरपाण्याकडं ठेवलं, मनवणी दाबली, पाठमोरा गेर टाकला आणि झोपल्या लेकराखालून हात काढावा तसा पाय काढला. मोटर खोकली नाही. नाक दरीकडं आणि शेपूट आभाळाकडं करून ती चढू लागली. उजव्या हाताला दरी, मागं न दिसणारी वाट. हैबतीनं मान खांद्यावरून मागं वळवली ती वळवलीच. असं म्हणतात, की वाटेतले दगड आपणहून बाजूला झाले. असं म्हणतात, की एक बिबट्या वळणावर बसून हे बघत राहिला आणि इतका चक्रावला, की उलट्या पावली रानात गेला. त्या घाटात बिबट्याचा माग अजून उलटाच निघतो.

निम्म्या घाटात शेवंताचं मुसमुसणं थांबलं. तिनं डोळे वर केले. मोटरीचं तोंड खाली होतं, तेव्हा समोर सगळं सावरपाणी पसरलं होतं. ओढा, चिंच, शाळेचा कौलारू माथा आणि आपलं घर. हैबतीनं वळणावर वाजवलेला मोटरीचा भोंगा तानाबाईला ऐकू आला होता. लेक बघणार नाही हे तिला माहीत होतं. तरी तिनं आपलं लाल लुगडं कौलांवर पसरून ठेवलं होतं आणि त्याच्या शेजारी ती उभी होती.

"आत्या," शेवंता म्हणाली, "आई दिसतीया."

राणूजींनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पोरीनं कुठं मागं वळून बघितलं होतं? ती समोर बघत होती. रीत मोडली नव्हती आणि माहेर सुटलं नव्हतं. मान मागं वळवली होती ती फक्त हैबतीनं, तिच्या वाटणीची. राणूजींना काय वाटलं ते कुणाला कळलं नाही, पण त्यांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाले, "हैबती, जरा सावकाश घ्या."

हैबतीनं सावकाश घेतलं. मुहूर्त टळेल म्हणाल, तर नाही टळला. असं म्हणतात, की वहाणा घालून उंबऱ्यात खोळंबलेल्या पाहुण्यासारखा सूर्य डोंगराच्या कडेवर थांबून राहिला, आणि मोटर मांडवाच्या दारात तोंड वळवून लागल्यावरच खाली उतरला. भैरूच्या गळ्यात माळ पडली. हैबती मोटरीतून उतरला तो मागंच बघत. अक्षता टाकल्या त्याही खांद्यावरून.

त्यानंतर उंबरघेरात सुना येऊ लागल्या. पायथ्याशी आलेली प्रत्येक नवरी हैबतीनं पाठमोरी वर नेली. पाठमोऱ्या गेराला त्या दिवसापासून गावात माहेर म्हणतात. हैबतीची मान मात्र पुढं कधी पुरती सरळ झाली नाही. त्याला तिचं काही वाटलं नाही. तो म्हणे, पुढचं सगळ्यांनाच दिसतं. म्हातारपणी एका सकाळी त्यानं मोटर उठवली, माहेर टाकलं आणि घाटमाथ्याच्याही वर, जिथं वाट नाही तिथं, भोंगा वाजवत चढत गेला. चाकांच्या खुणा शेवटच्या कातळापर्यंत आहेत. पुढं आभाळ आहे.

आज घाटात डांबर आहे आणि कुठलीही गाडी नाक वर करून सुसाट चढते. तरी उंबरघेरच्या पोरापोरींना आधी गेरची गाडी शिकवतात. चढावर गाडी उभी करतात, मागच्या चाकामागं लिंबू ठेवतात, आणि लिंबू न चिरडता जो पुढं निघाला त्यालाच वेशीवरच्या हैबतीला नारळ फोडता येतो. वेशीवर त्याची दगडी मूर्ती आहे, मान खांद्यावर वळलेली. शिकवणारे अजून मनवणी म्हणतात, वेसण म्हणतात. पोरं आधी हसतात, मग लिंबू चिरडतात, मग तेही म्हणू लागतात.

आणि लग्नाची गाडी, मग ती कितीही भारी असो, दमकोंडीच्या वळणावर थांबते. आपोआप गेर बदलणारी असली तर नवरीला गावातल्या जुन्या जीपमध्ये बसवतात. चालवणारा आरशात बघत नाही, मागचं दाखवणाऱ्या पडद्यावर बघत नाही. मान वळवतो आणि माहेर टाकतो. नवरी लांबची असते कधी, तिचं गाव कुठल्या कुठं राहिलेलं असतं, या दरीतलं एक झाडही तिच्या ओळखीचं नसतं.

म्हणून खाली सावरपाण्यात भोंगा ऐकू आला, की कुणीतरी बाई हातातलं काम टाकून उठते आणि आपल्या कौलांवर लाल लुगडं पसरते.