सखाहरी बायकोला आसनं शिकवतो

एका गावात एक भोळा सखाहरी होता. भोळा आपलं म्हणायचं. खरं तर अकलेचा कांदा! त्याच्या बायकोला, अनुसयेला, नसांचं जुनं दुखणं. दुपार झाली की हातपाय गळून जायचे. आठ दिवसांवर भाचीचं लग्न आलेलं. "मंगलाष्टकं संपेपर्यंत उभं राहायचंय मला," अनुसया म्हणे. "आपल्या हातानं अक्षता टाकायच्यात." दुसरं काही मागणं नव्हतं बिचारीचं.

दवाखान्यातल्या योगाच्या बाई हलके व्यायाम सांगायच्या. अनुसयेला तिथवर चालवेना, म्हणून सखाहरी ऐकून यायचा. तिथंच घोडं पेंड खाई.

बाई म्हणाल्या, "हात सावकाश वर न्यायचे. दमायच्या आधी थांबायचं."

घरी येऊन हा अनुसयेला खाटेवरून उठवायला लागला आणि अर्ध्यावरच दिली सोडून. धप्प!

"अहो, सोडलंत का?"

"दमायच्या आधी थांबलो."

हे ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, उठवताना घट्ट धरायचं. सोडायचं नाही."

"बरं. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी अनुसयेनं व्यायामाला हात वर केले. यानं मनगटं धरली ती धरलीच. दूध उतू गेलं, शेजारीण येऊन गेली, हा ढिम्म.

"सोडा हो, जीव जातोय माझा!"

"सोडायचं नाही म्हणाल्यात बाई."

बाई आता ओरडल्याच. "अहो, दमली की आडवं करायचं! पांघरूण घालायचं, हलू द्यायचं नाही, आणि भोवती गर्दी नको!"

"मग हे आधी सांगायचं ना," म्हणाला दीडशहाणा.

अनुसयेनं ओळखलं, हे ध्यान सुधारायचं नाही. रोज त्याला वैरणीला पिटाळायची आणि एकटीच थोडं करायची, थोडं टेकायची. पायांत बळ आलं.

लग्नात ती उभी राहिली. एक मंगलाष्टक झालं, दोन झाली, चार झाली. मुठीत अक्षता. आनंदानं तिनं एक उसासा सोडला. झालं!

"दमली!" म्हणत सखाहरीनं तिला मांडवातच आडवं केलं. बैठकीची पांढरी चादर डोक्यापासून पायापर्यंत घातली आणि वाजंत्र्यांवर खेकसला, "गप्प बसा! ती आता हलायची नाही."

बायकांनी हंबरडा फोडला. भटजींनी अंतरपाट गुंडाळला. तेवढ्यात चादरीखालून अनुसया ताडकन उठली. मग काय! "भूत, भूत!" करत वऱ्हाड पळालं. पुढं नवरदेव, मागं नवरी.

रिकाम्या मांडवात अनुसया स्वतःच्या पायांवर उभी. अक्षता टाकायच्या कुणावर?

सखाहरी मात्र खुशीत. "बघ, भोवती अजिबात गर्दी नाही!"

अनुसयेनं कोपऱ्यातली केरसुणी उचलली. हात थेट डोक्याच्या वर गेला.

"दमायच्या आधी थांबायचं हां," सखाहरी म्हणाला.